रुसव्याचा मानकरी

भरमूआप्पा गेला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू होतं. त्यामुळं तो खरंच गेलाय की नाही, यावर ओसरीवर जमलेल्या मंडळींचं बराच वेळ एकमत होईना. शेवटी गुणाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आतून सांगितलं की मघाशी "पाणी देऊ का" म्हणून विचारलं, तर "व्हय" आलं नाही. एवढा पुरावा गावाला पुरला. रडारड सुरू झाली.

स्वातंत्र्य यायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. पन्नाशीच्या आतबाहेरचा हा माणूस, आणि उभ्या जन्मात त्यानं कुणाला "न्हाय" म्हटलं नव्हतं. एक प्रसंग सोडून. तो एक प्रसंग सांगायचा तर बाकीचा जन्मही सांगावा लागतो. त्याला माझा इलाज नाही.

आमचं मोदेगुंजी गाव खानापूर तालुक्यात. नंदगडच्या अलीकडं की पलीकडं, हे तुम्ही कुठून येताय त्यावर. गावाला रवळनाथाचं देऊळ. चैत्रात जत्रा. त्या दिवशी देव पालखीत बसून गावाला फेरी घालतो. आता देव सगळ्या गावाचा म्हटल्यावर त्याच्या अवतीभवती प्रत्येक घराला काहीतरी मान हवाच. पाटलाला पहिल्या नारळाचा, कुणाला छत्री धरायचा, कुणाला मशालीवर तेल घालायचा. एका घराला पालखीपुढच्या वाटेवरचे खडे बाजूला सारायचा मान आहे. त्या घरातली माणसं एरवी स्वतःच्या अंगणातली काडी उचलत नाहीत. असले मान तुम्हाला कुठल्याही गावात सापडतील. पण भरमूच्या घराचा मान मी दुसरीकडं पाहिला नाही. त्या घराला रुसायचा मान होता.

म्हणजे व्हायचं असं. पालखी वाजतगाजत पिंपळापाशी, भरमूच्या गल्लीच्या तोंडाशी यायची आणि थांबायची. का, तर गल्लीतला मानकरी रुसून घरात बसलाय. मग खांदेकरी पालखीच्या दांडीखाली काठ्या लावून खांदे चोळत उभे राहायचे, आणि पाटलासकट गावातली चार जाणती माणसं त्याच्या दारात जायची. मानकरी भिंतीकडं तोंड करून बसलेला. दारातून म्हणायचं, "आप्पा, देव वाटंत थांबलाय. उठा." त्यानं हलायचं नाही. पुन्हा म्हणायचं. त्यानं मान फिरवायची नाही. असं गोंजारून, हातापाया पडून, शेवटी त्यानं एकदाचं उठायचं, दांडीला हात लावायचा, की हलगी कडाडायची आणि देव पुढं निघायचा. कानडी मुलखातले पै-पाहुणे जत्रेला आले की पहिल्याच वर्षी विचारायचे, "याके सिट्ट?" म्हणजे, राग कशाचा? या प्रश्नाला आमच्या गावात उत्तर नव्हतं.

कारण मूळचा राग कशाचा होता, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या घरातला कोणी पूर्वज कधीतरी पालखीपुढं आडवा बसला, एवढं खरं. कुणी म्हणतात त्याला विडा द्यायचा राहिला, कुणी म्हणतात पंगतीत त्याच्या पानावर तूप वाढलं नाही. मारुतीराव पाटलांच्या घरातली कथा अशी की त्याच्या पायात काटा मोडला होता, म्हणून तो खाली बसला होता, आणि लोकांचा उगीच गैरसमज झाला. भरमूच्या घरात ही कथा सांगितलेली चालत नसे. काही का असेना, पुढच्या वर्षीही देव तिथं थांबला, आणि दोनदा झालेली गोष्ट म्हणजे आमच्या गावात रिवाज.

भरमूचा बाप रवळूआप्पा हा मान काय चालवायचा! चालवायचा म्हणजे वर्षभर सराव करायचा. बायकोवर रुसायचा, भावकीवर रुसायचा, पाऊस उशिरा आला तर छत्री न घेता रानात जाऊन पावसावर रुसायचा. जत्रेच्या दिवशी त्याला उठवता उठवता पाटलांच्या कपाळाला घाम फुटायचा. काकतीकडची माणसं खास त्याचा रुसवा बघायला यायची आणि जाताना म्हणायची, असा माणूस होणे नाही.

तो मानमोडीच्या साथीत गेला, आणि मान भरमूच्या गळ्यात पडला.

आता देवानं भरमूचं तोंड घडवतानाच घोटाळा केला होता. वरचे दात जरा पुढं, डोळ्यांच्या कडेला जन्मजात सुरकुत्या. त्यामुळं तो मयताच्या घरी गेला तरी लग्नाला आल्यासारखा दिसायचा. आणि जिभेवर एकच शब्द, "व्हय". कुणी म्हणालं, "भरम्या, माझी गाडी चिखलात रुतलीय," तर "व्हय." "भरम्या, जरा कुंपण घालायला ये," तर "व्हय." समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच त्याचं व्हय तयार. अर्ध्या गावाची कुंपणं त्यानं घातलेली, आणि त्याच्या स्वतःच्या रानात सगळ्यांची गुरं. वर्षभर तो सगळ्यांचा भरम्या. हाक मारावी आणि कामाला लावावं. फक्त जत्रेच्या त्या एका दिवशी तेच सगळं गाव त्याच्या दारात उभं राहून त्याला "आप्पा" म्हणणार, "उठा" म्हणणार. चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोराला आप्पा. त्याला त्याचं किती अप्रूप होतं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्याला विचारलंच कुणी नाही.

तर पहिली जत्रा. पालखी पिंपळापाशी थांबली, मारुतीराव पाटील उपरणं सावरत गल्लीत शिरले, आणि बघतात तो भरमू फेटाबिटा बांधून उंबऱ्यावरच उभा. मारुतीराव म्हणाले, "आप्पा, देव वाटंत—"

"व्हय," भरमू म्हणाला, "चला की."

आणि मारुतीरावांच्या पुढं चालत जाऊन दांडीला हातही लावून मोकळा झाला. खांदेकऱ्यांनी अजून काठ्या लावल्या नव्हत्या, हलगीवाल्यानं विडी नुकती शिलगावली होती. सगळाच विचका. त्या वर्षी मारुतीरावांची म्हैस गाभडली, विहिरीचा सोल तुटून घागर तळाला गेली, आणि गुरवाच्या घरात उंदीर झाले. या तिन्हीचं खापर भरमूच्या न रुसण्यावर फुटलं. गावानं त्याला बोलावून बजावलं की पुढच्या साली नीट रुसायचं. भरमू म्हणाला, "व्हय."

पुढं जे झालं ते गुणाबाईमुळं. ही बाई काकतीकडची, आणि रुसण्यात जातिवंत. लग्नात मांडवाच्या दारात तिनं असा रुसवा धरला होता की वरपक्षाला मुहूर्त बदलून घ्यावा लागला. आपला नवरा या एका बाबतीत इतका कच्चा निघावा, हे तिला लागलं. तिनं त्याला शिकवायला घेतलं. तोंड कसं फिरवायचं, खांदा कसा पाडायचा, श्वास कसा ऐकू येईल असा सोडायचा. भरमू सगळं करायचा, पण दारात येऊन कोणी "आप्पा" म्हटलं की त्याच्या तोंडून व्हय निसटायचंच. शेजारणींना उभं करून तालमी झाल्या. उपयोग शून्य.

शेवटी जत्रेच्या सकाळी तिनं निपाणीच्या तंबाखूचा चांगला मूठभर चुरा घेतला, चुना लावून मळला, आणि नवऱ्याचा जबडा धरून गालात कोंबला. "आता बोला व्हय," ती म्हणाली.

भरमूला तंबाखूची सवय नव्हती. निपाणीची तंबाखू, ती काय बडीशेप नव्हे. मारुतीराव दारात आले तेव्हा हा भिंतीकडं तोंड करून बसलेला. डोळ्यांतून धारा, मान लटलटतेय, कानामागं हिरवट छटा आलेली. "आप्पा, उठा," म्हटलं तर खांदे नुसते थरथरले. पुन्हा म्हटलं तर घशातून असा काही आवाज आला की मारुतीराव दोन पावलं मागं सरले. बाहेर येऊन म्हणाले, "बापापेक्षा कडक हाय ह्यो." शेवटी भरमूला अगदीच सोसेना तेव्हा तो उठला, धावत तुळशीपाशी गेला आणि पिंक टाकली. तोंड रिकामं झालं तसा दांडीला हात लावायला गेला. लोकांना वाटलं, राग थुंकून टाकला.

बस्स. त्या दिवसापासून भरमूच्या रुसव्याचा लौकिक झाला. पाच-सहा वर्षांत पिंकेलाही अर्थ आला. तुळशीच्या उजवीकडं पडली तर पाऊस बरा, डावीकडं पडली तर बेताचा. म्हातारी माणसं वाकून बघायची. भरमूलाही तंबाखू हळूहळू सोसायला लागली. मग त्याला त्या बसण्यात गोडी वाटू लागली. भिंतीकडं तोंड, गालात तंबाखू, आणि पाठीमागं सगळं गाव, "आप्पा, आप्पा" करत. जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावरून हाक यायची, "ए भरम्या," आणि हा "व्हय" म्हणून निघायचा. वर्षातला एक दिवस तर एक दिवस. बऱ्याच जणांच्या वाट्याला तेवढाही येत नाही.

अशी पंधरा-सोळा वर्षं गेली, आणि देवळाचं छप्पर गळायला लागलं. गळतं तसं पूर्वीही होतं, पण आता ते थेट देवाच्या डोक्यावर गळू लागलं. जीर्णोद्धार करायचं ठरलं. जीर्णोद्धार म्हटल्यावर कमिटी आली, आणि कमिटी म्हटल्यावर अध्यक्ष शिकलेला हवा. तेव्हा बेळगावहून रघुवीर वकिलांना आणलं. त्यांचे आजोबा आमच्या गावचे कुलकर्णी, म्हणून ते आमचेच. स्वतः बेळगावात वकिली करायचे, बोलणं साफ, कोट इस्त्रीचा, खिशात साखळीचं घड्याळ. कामाचा माणूस, हे मी नाकारत नाही. वासे आले, कौलं आली, शहापुरातल्या तांबटाकडून कळस घडवून त्यांनी तो आपल्या घरी देवघरात आणून ठेवला. गावात ठेवला तर चार ठिकाणी ठोकून बघतील, ही त्यांची भीती. ती खरी होती.

पण वकिलांना सुधारणेची खोड. जत्रेच्या आधी देवळात बैठक भरली, आणि त्यांनी घड्याळ काढून पुढं ठेवलं. म्हणाले, एका माणसाच्या खोट्या रागासाठी देव भर उन्हात ताटकळत राहतो, हे आपल्याला शोभत नाही. मान, पान, रुसवे, फुगवे हे सगळं जुनाट. देवापुढं सगळे सारखे. पालखीनं पिंपळापाशी न थांबता सरळ जावं.

प्रत्येकाच्या मनात आलं, आज रुसवा गेला तर उद्या आपली छत्री. प्रत्येकानं भरमूकडं पाहिलं. हा नाही म्हणणार, मग आपण त्याच्या पाठीमागून नाही म्हणू, असा सगळ्यांचा हिशेब. वकील भरमूकडं वळून म्हणाले, "भरमू, गावाच्या भल्यासाठी तू हा मान सोडशील ना रे?"

"व्हय," भरमू म्हणाला.

प्रश्न पुरता कानात शिरायच्या आधी उत्तर बाहेर पडलं होतं. मी तिथं होतो. शब्द तोंडातून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, हेही मी पाहिलं. त्यानं तोंड उघडलं, पण त्याला येत असलेला तो एकच शब्द. तो पुन्हा बाहेर येईल या भीतीनं त्यानं तोंड मिटलं. आणि चेहरा हसरा. वकिलांनी त्याच्या उदार मनाचं कौतुक केलं. मंडळींनी मोकळा श्वास सोडला. तोच व्हय म्हणाला, आता आपण काय करणार?

गुणाबाईला कळलं तेव्हा तिनं भांडण केलं नाही, आदळआपट केली नाही. ती नुसती बोलायची थांबली. भाकरी वाढायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही. खऱ्या रुसण्याला शिकवणी लागत नाही, हे त्या दिवसांत भरमूला नीट कळलं असणार.

जत्रा आली. सकाळी भरमूनं आपणच तंबाखू मळली, गालात धरली, आणि भिंतीकडं तोंड करून बसला. का, ते त्यालाच ठाऊक. पालखी बिचकेल, निदान एखादा खांदेकरी सवयीनं थांबेल, असं वाटलं असेल. हलगी जवळ आली. पिंपळापाशी आली. आणि न थांबता पुढं गेली. वकील घड्याळ बघत पुढं चालले होते, आणि मारुतीराव त्यांच्या जोडीनं. गल्लीकडं कुणी पाहिलं नाही. मीही नाही. पाहिलं असतं तर थांबावं लागलं असतं.

भरमू उठला नाही. कोणी उठा म्हटल्याशिवाय उठायचं नाही आणि उठल्याशिवाय थुंकायचं नाही, हा त्याच्या घरचा नियम. दिवेलागणीपर्यंत तो तसाच तंबाखू धरून बसला. गुणाबाई दिवा घेऊन आली तेव्हा त्याची पाठ भिंतीवरच्या सावलीसकट थरथरत होती. इतके दिवस न बोललेली ती बाई दारात जाऊन उभी राहिली, पदर सावरला, आणि गावातली जाणती माणसं म्हणायची तसं म्हणाली, "आप्पा, देव वाटंत थांबलाय. उठा."

मग तो उठला आणि तुळशीपाशी गेला. हे मला गुणाबाईनंच पुढं सांगितलं. पिंक कुठल्या बाजूला पडली, ते सांगितलं नाही. मी विचारलं होतं.

आता गंमत बघा. पुढच्या वर्षी देऊळ पुरं झालं, आणि जत्रेच्याच दिवशी कळस चढवायचं ठरलं. त्याआधी तयारीची बैठक भरली. बैठक संपल्यावर गुरवानं देवापुढं नारळ फोडला. रिवाजाप्रमाणं पहिली वाटी मारुतीराव पाटलांना दिली, दुसरी वकिलांना. वकिलांच्या हातात आली ती डोळ्यांकडची वाटी, म्हणजे आमच्याकडं कमी मानाची. त्यांनी ती वाटी उलटीसुलटी करून पाहिली, शेजारच्या खांबापाशी ठेवली, आणि चहा न घेता खटाऱ्यात बसून निघून गेले. चहा न घेता! मारुतीरावांना वाटलं, पोट बिघडलं असेल.

पुढच्या आठवड्यात बेळगावला निरोप गेला की कळस घेऊन या. उत्तर आलं, कोर्टाची कामं आहेत. दुसरा निरोप गेला. उत्तर, तब्येत बरी नाही. मग मारुतीरावांनी दोन जाणती माणसं धाडली. ती परत येऊन म्हणाली की वकीलसाहेब रागावलेले नाहीत, तसं त्यांनी स्वतःच पुन्हा पुन्हा सांगितलं, पण ते येणार नाहीत. तत्त्वाचा प्रश्न आहे.

तत्त्व म्हणजे काय, यावर पारावर बराच खल झाला. कुणी म्हणालं, सातबाऱ्यासारखं काहीतरी असेल. पाण्याला निघालेली गुणाबाई घागर कमरेवर घेऊन तेवढ्यापुरती थांबली. म्हणाली, "रुसल्यावर शिकलेली माणसं त्याला तत्त्व म्हनत्यात," आणि पुढं गेली.

मग सगळ्यांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. माणूस रुसलाय. रुसलेल्या माणसाला आणायचं म्हणजे रुसव्यातला जाणकार पाहिजे. आणि असा जाणकार पंचक्रोशीत एकच. मारुतीराव स्वतः भरमूच्या दारात गेले, पण या वेळी "आप्पा" न म्हणता गेले. "भरम्या, बेळगावला जाऊन वकिलाला घिऊन येशील?"

"व्हय," भरमू म्हणाला.

बैलगाडीनं खानापूर, तिथून आगगाडीनं बेळगाव. वकिलांच्या घरी पोचला तेव्हा वकील आरामखुर्चीत पेपर उघडून बसले होते. त्यांच्या बायको कल्याणीबाई आतल्या दाराआड होत्या. पुढचं सगळं त्यांच्याकडून बाहेर आलं, आणि माझ्यापर्यंत आलं तेव्हा त्यात कुणी काही घातलं असेल तर ते मी काढलेलं नाही.

वकील पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "मारुतीरावांनी पाठवलं?"

"व्हय."

"मी रुसलोय, असं वाटतं त्यांना. पण मी रुसलेलो नाही."

"व्हय."

"एका नारळाच्या वाटीवरून रुसायला मी काही लहान मूल नाही."

"व्हय."

"आणि माझ्यावाचून गावाचं काही अडत नाही."

"व्हय."

पेपर थोडा खाली आला. "कळस मारुतीरावांच्या हातूनही चढेल."

"व्हय. त्येंचा हात लांब हाय."

"मी आलो नाही तरी जत्रा होईल."

"व्हय. व्हती."

एरवी कोर्टात समोरच्याला शब्दात पकडणारा माणूस, पण सगळंच कबूल करणाऱ्यापुढं वकील काय करणार? त्यांनी पेपर पुन्हा वर धरला. भरमूला वाटलं, बोलणं संपलं. तो उठला, नमस्कार केला आणि पायरीकडं वळला.

आतून कल्याणीबाईंचा आवाज आला, "अहो, ते निघाले."

वकिलांनी पेपर खाली टाकला. "अरे थांब. सगळ्याला हो म्हणतोस, मग आलास कशाला?"

भरमू परत फिरला आणि भिंतीला टेकून खाली बसला. "साहेब, एक सांगू? खुर्चीत रुसता येत न्हाय. भिंतीकडं तोंड करून बसा. म्हंजे कोन आलं, कोन न्हाय आलं, ते दिसत न्हाय." जरा थांबून म्हणाला, "गेल्या साली मी बसलतो. दिवं लागंपतोर. कुनी आलं न्हाय. तुमचं तसं हू नये म्हनून आलो."

वकील त्याच्याकडं बघत राहिले. तोंड नेहमीसारखं हसरं, त्यामुळं त्यांना नीट कळेना. त्यांनी विचारलं, "तू त्या दिवशी खरंच बसला होतास?"

"व्हय."

आयुष्यातली सगळी व्हय एका बाजूला आणि हे एक दुसऱ्या बाजूला, असं कल्याणीबाई म्हणायच्या. मग भरमूनं फेटा नीट केला, आणि गाव त्याला पंधरा-सोळा वर्षं म्हणत आलं होतं ते तो पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला म्हणाला, "साहेब, देव वाटंत थांबलाय. उठा."

वकील उठले. कळस लाल फडक्यात बांधला. जाता जाता कल्याणीबाईंनी भरमूच्या हातावर साखर ठेवली. रुसवा काढणाऱ्याला द्यायची असते म्हणे. असा रिवाज मी कुठं ऐकला नाही, पण बाईंनी तो तिथल्या तिथं केला असला तरी चांगला केला.

जत्रेच्या आदल्या दिवशी गुरवानं शहाणपणानं एकाच वेळी दोन नारळ फोडले, आणि दोघांनाही बिनडोळ्यांची वाटी दिली. डोळ्यांच्या दोन्ही वाट्या त्यानं घरी नेल्या. मग वकिलांनी बैठकीत उभं राहून जाहीर केलं की रुसवा रद्द करण्याचा निर्णय रद्द करण्यात येत आहे. पुष्कळांना हे रुसव्याच्या बाजूनं की विरुद्ध, ते कळलं नाही. पण त्यांनी माना हलवल्या. आणि बोलवायला पुढं कोण होणार म्हटल्यावर वकील म्हणाले, मी.

कळस चढला. पालखी निघाली, आणि पिंपळापाशी थांबली. चैत्राचं ऊन, आणि देवापुढं चालायचं म्हणून सगळ्यांचे पाय अनवाणी. गल्लीतल्या फरशा तव्यासारख्या तापलेल्या. पुढं वकील, मागं मारुतीराव, मागं आम्ही. आत भरमू भिंतीकडं तोंड करून बसलेला. शेजारी पाटावर मळून ठेवलेली तंबाखू तशीच होती. गुणाबाईनं पुढं केली होती, त्यानं हातानं बाजूला सारली होती. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

वकिलांनी घसा साफ केला. "आप्पा," ते म्हणाले, "देव वाटंत थांबलाय. उठा."

आणि भिंतीकडून आवाज आला, "न्हाय."

मारुतीरावांनी माझ्याकडं पाहिलं, मी गुरवाकडं पाहिलं. या घरातून असा शब्द बाहेर येतो, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आजवर पंधरा-सोळा वर्षं तंबाखू बोलत होती. आज पहिल्यांदा माणूस बोलला. वकिलांना वाटलं, आपण काही चुकीचं म्हटलं. त्यांनी पुन्हा, जास्त मऊ आवाजात, "आप्पा, उठा," म्हटलं.

"न्हाय."

दुसऱ्या वेळचा न्हाय जरा सावकाश आला. एखादा गूळ चघळून पाहतो तसा. मग तिसरा आला, तो न विचारताच. वकील एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागले. हात सवयीनं घड्याळाकडं गेला, आणि त्यांनी तो तसाच खाली आणला. मारुतीराव म्हणाले, "आप्पा, लई झालं." "न्हाय." गुरव म्हणाला, "आप्पा, देव तापला." "न्हाय." मागं पिंपळाखाली खांदेकरी आनंदात होते. दांडीखाली काठ्या लावून ते सावलीत बसले होते, आणि गेल्या वर्षी याच चढावर आपल्याला न थांबवल्याचं एकमेकांना सांगत होते. हलगीवाल्याची एक विडी संपली, दुसरी संपली. आम्ही सगळे त्या तापल्या फरशांवर नाचत उभे होतो. वकिलांच्या तोंडून "आप्पा" इतक्या वेळा निघालं की पुढं बेळगावातही ते म्हाताऱ्या पक्षकारांना आप्पाच म्हणू लागले.

शेवटी आतून गुणाबाईचा आवाज आला. "अवं, आता पुरं. मान्सांचं पाय पोळत्यात."

भरमूनं तोंड फिरवलं. चेहरा तोच, हसरा.

"व्हय," तो म्हणाला आणि उठला.

सरळ तुळशीपाशी गेला. तोंडात काही नव्हतं, पण सवयीनं थुंकला. हलगी कडाडली, वकिलांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि पालखी हलली. मागं म्हातारी माणसं मात्र तुळशीभोवती वाकून उभी होती. पिंक कोरडीच पडल्यामुळं ती उजवीकडं धरायची की डावीकडं, यावरून त्यांच्यात असं काही जुंपलं की मारुतीरावांचे चुलते रागावून तिथंच खाली बसले.

पालखी त्यांच्यासाठी थांबली नाही. एवढ्यानं गावात अजून एक मान होता होता राहिला.